चार, सात, एक, नऊ

सर्व संबंधितांनी, आणि संबंध नसताना डोकावणाऱ्यांनीही, पुढील निवेदन शक्यतो उभं राहून वाचावं. आमच्या घराण्याचं सर्वांत मोठं गुपित मी आज जाहीर करते आहे. पुरलेला हंडा नाही, कुणाचं दुसरं लग्न नाही. ते गुपित म्हणजे चार, सात, एक, नऊ. हा आकडा मला स्वतःच्या जन्मतारखेच्या आधी पाठ झाला होता. जन्मतारीख पुढं शाळेत गुरुजींनी सोयीप्रमाणे बदलली, पण या आकड्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

आमचे आप्पा पैठण तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, औरंगाबादेत सरकारी कचेरीत कारकून. क्रांती चौकाच्या मागं दोन खोल्या, पुढं पडवी, मागं मोरी. आई जालन्याची. तिच्या वडिलांचा सरकीचा धंदा होता आणि त्यांनी जावयाला लग्नात सोन्याचं स्विस घड्याळ दिलं होतं. आप्पांच्या गावात तोवर वेळ उन्हावरून सांगत. तिथं हा माणूस मनगट झटकून सोन्याच्या घड्याळात बघायला लागला. अशी चार वर्षं गेली. मग मी पाळण्यात असताना ते घड्याळ बसस्टँडवर नाहीसं झालं. आप्पांचं म्हणणं चोरीला गेलं. आईचं म्हणणं, ह्यांनी नळावर तोंड धुताना काढलं आणि नळावरच विसरले. या मुद्द्यावर घरात शेवटपर्यंत दोन पक्ष राहिले आणि दोन्ही पक्षांनी मला आपल्या बाजूनं साक्षीला बोलावलं, मी तेव्हा अकरा महिन्यांची होते तरी.

घड्याळ गेलं, नंबर राहिला. झाकणाच्या पाठीवर चार आकडे कोरलेले होते ते आप्पांनी पाठ केले होते, आणि घड्याळाबरोबर आलेलं एक पिवळट कार्ड आईच्या ट्रंकेत होतं त्यावरही तेच छापलेले होते. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला, हात जोडून शुभंकरोती झालं, की आप्पा विचारत, “नंबर?” आणि आम्ही भावंडं त्याच चालीत म्हणत, चार, सात, एक, नऊ. सायकलच्या कुलपाला तोच नंबर. लॉटरीचं तिकीट घेताना शेवटी तेच आकडे हवेत म्हणून आप्पा सगळ्या गड्ड्या चाळत. आई भाकरी मोजताना घोटाळा करायची, चारनंतर एकदम सात म्हणायची, आणि मग कुणीतरी जेवायला कमी पडायचं.

आप्पांचा सिद्धांत साधा होता आणि त्याला उत्तर नव्हतं. ते म्हणत, हर्सूलच्या जेलात प्रत्येक कैद्याला नंबर असतो. दोन कैद्यांना एक नंबर देतात का? नाही देत. मग घड्याळाला कसा देतील? एखाद्या घड्याळजीला विचारून बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण घड्याळजी म्हणजे चोराचा मावसभाऊ. चोरीचा माल पहिल्यांदा कुठं जातो? घड्याळजीकडं. चोराला पहिला चहा कोण पाजतो? घड्याळजी. त्यामुळं अख्ख्या शहरात ज्या लोकांना नंबराची अक्कल होती, नेमके तेच आप्पांच्या यादीत संशयित होते.

आणि ते शोधत राहिले. लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत, सोनेरी घड्याळ दिसलं की आप्पा सरकत सरकत जवळ जात आणि गोड आवाजात म्हणत, “झक्कास आहे हो, जरा बघू द्या.” माणूस खुलून घड्याळ काढून देई. आप्पा तबकडीकडं बघतही नसत, पालथं करत. मग तोंड उतरून परत देत. एकदा कचेरीतल्या एका साहेबांच्या वडिलांच्या दहाव्याला, साहेब पिंडाला हात जोडून उभे असताना, आप्पांनी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ हळूच पालथं करायला घेतलं. कावळा शिवायला उशीर झाला त्याचं खापर आईनं आप्पांवरच फोडलं.

मी अकरा वर्षांची असताना घड्याळ सापडलं. मी आणि आप्पा पाचोडला आत्याकडं चाललो होतो. यष्टी गच्च. मी आप्पांच्या मांडीवर, माझ्या मांडीवर धपाट्यांचं फडकं आणि लसणाच्या चटणीचा डबा, त्या वासानं पुढच्या एका म्हाताऱ्यानं तीनदा वळून बघितलेलं. शेजारी एक सडसडीत माणूस वरच्या दांडीला धरून उभा होता. डोक्यावर पांढरी टोपी, खिशाला सुई टोचलेली, तिच्यात काळा दोरा. खड्डा आला, त्याची बाही खाली सरकली आणि सोनं चमकलं. आप्पांच्या मांड्या मला खालून ताठ झालेल्या कळल्या.

त्यांनी जरा बघू द्या म्हटलं नाही. त्या दिवशी त्यांच्यात काय संचारलं कोण जाणे, ते मला खाली सरकवून उठले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, “मंडळी, या माणसाच्या हातातलं घड्याळ मी अजून हातात घेतलेलं नाही. बरोबर? आता मी त्याच्या पाठीवरचा नंबर सांगतो. चार, सात, एक, नऊ. कंडक्टर, काढा आणि वाचा.” कंडक्टरला तिकीट फाडण्यापलीकडं आयुष्यात पहिल्यांदाच न्यायाधीशाचं काम मिळालं होतं. त्यानं घड्याळ काढून घेतलं, खिडकीशी धरलं, आणि एकेक आकडा असा वाचला जसा लॉटरीचा निकालच. चार. सात. एक. आणि नऊला बसमध्ये टाळ्या पडल्या. मी तर सीटवर उभी राहून वाजवल्या.

तो माणूस भांडला नाही. कुणी ओढलं नाही, मारलं नाही. तो एवढंच म्हणाला की हे मला अब्बांनी दिलं होतं. कंडक्टरनं घड्याळ त्याच्यासमोर धरलं, त्यानं ते आकडे बघितले, मग आप्पांकडं बघितलं, आणि मान हलवून म्हणाला, “घ्या साहेब. तुमचंच असंल.” आप्पांनी उदार होऊन त्याला पोलिसांत देत नसल्याचं जाहीर केलं, यावरही टाळ्या पडल्या. नंतर आठवण म्हणून त्याचं नाव डायरीत लिहून घेतलं: नूर, शिवणकाम, पाचोड. तो मधल्याच थांब्यावर उतरला. त्याला पाचोडला जायचं होतं, त्यानं तिकीट पाचोडचं काढलं होतं, हे पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं.

आता माझा गुन्हा. शाळेत मी हा प्रसंग वर्षभर करून दाखवला. दोन्ही भूमिका मीच करायची. पहिल्या प्रयोगात चोर सडसडीत होता, दिवाळीपर्यंत त्याला गलमिशा आल्या, संक्रांतीला कमरेला सुरा आला, आणि वार्षिक परीक्षेच्या सुमारास तो आप्पांच्या पायावर पडून रडू लागला. मैत्रिणी डबे उघडे ठेवून बघत. आयुष्यात मला पहिली दाद मिळाली ती अशी एका शिंप्याच्या जिवावर, आणि खरं सांगते, ती चव अजून जिभेवर आहे.

घड्याळ घरी आल्यावर आईनं ते पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि ते आपल्या वडिलांचंच आहे का हे बघायच्या आधीच रडून घेतलं. पुढं एकदाच ती म्हणाली की पट्टा वेगळा दिसतोय. आप्पा म्हणाले, चोर पट्टा बदलणारच. ते घड्याळ रोज वीस मिनिटं मागं पडायचं, पण घड्याळजीच्या हातात द्यायचं नाही असा हुकूम होता. मग आमचं घरच वीस मिनिटं मागं सरकलं. रेडिओवर बातम्या संपत आणि आप्पा म्हणत, “लवकर लावल्या आज.” एका दिवसाआड नळ येई तोसुद्धा आप्पांच्या हिशेबानं नेहमी वेळेआधी येई, आणि आई हंडा घेऊन पळताना पालिकेला सोडून घड्याळाला शिव्या देई.

अशा घरातल्या मुलीनं प्रेमात कुठं पडावं? घड्याळाच्या दुकानात पडावं. गुलमंडीच्या बाजूला एका बोळात माधवराव घड्याळजींचं दुकान होतं आणि रविवारी त्यांचा मुलगा अरुण गल्ल्यावर बसायचा. कॉलेजात असताना मला मामानं दिलेलं एक छोटं घड्याळ होतं, ते अत्यंत बिनचूक चालत असे. मी ते एका पावसाळ्यात पाच वेळा दुरुस्तीला नेलं. पाचव्या वेळी अरुणनं ते उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, “हे बिघडायला अजून किती दिवस लागतील?” मी म्हटलं, पुढच्या रविवारपर्यंत होईल. तो पुढं सरकारात इंजिनिअर म्हणून लागला, एका मध्यस्थाला पढवून त्यानं स्थळ आमच्याकडं पाठवलं, आणि मुलगा सरकारी म्हटल्यावर आप्पांनी बापाच्या दुकानाला माफी दिली. आईला सगळं माहीत होतं. तिनं पोहे करताना फक्त एवढंच विचारलं की पोराला तिखट चालतं का, आणि माझ्या तोंडून पटकन व्हय निघून गेलं.

सुपारीचा दिवस नळाचा दिवस बघून ठरवला. स्टोव्ह सकाळपासून फुरफुरत होता, पुरणाचा आणि येसराच्या आमटीचा वास घरभर, पडवीत शेजारून आणलेली जाजमं. पाहुणे बसले आणि आप्पांनी, पाहुण्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आत, घड्याळाची गोष्ट सुरू केली. दहा वर्षांत तिला चांगली झिलई आली होती. कंडक्टरनं नऊ म्हटलं तिथं आप्पा थांबले, आणि मनगटावरून घड्याळ काढून म्हणाले की हेच सोन्याचं घड्याळ मी उद्या जावयाच्या हातात घालणार. मग ते माधवरावांपुढं पालथं धरलं. “वाचा पाहुणे. तुम्हीच वाचा.”

माधवराव जाड भिंगाचा चष्मा लावणारे, बारीक आवाजाचे, शब्द जपून वापरणारे गृहस्थ. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, वाचलं नाही. त्यांनी माझ्या आईकडं एक सुई मागितली. आणि आप्पांच्या गोष्टीतलं ते कार्ड असेल तर तेही.

सुईच्या टोकानं त्यांनी पट्ट्याची बारीक दांडी दाबली, पट्टा सुटला. पट्टा जिथं अडकवतात त्या दोन शिंगांच्या मधल्या खाचेत कोरलेली एक बारीक ओळ होती, मळानं बुजलेली. ती त्यांनी सुईनंच उकरली, रुमालानं पुसली. मग म्हणाले, “आप्पासाहेब, राग मानू नका. तुमच्या पैठणच्या अंगाला शिवारात सातशेचाळीस ऊस असतो का?”

आप्पा म्हणाले, असतो की, सगळा तोच असतो.

“मग एकाच्या शेतात सातशेचाळीस दिसला म्हणून दुसऱ्यानं म्हणायचं का, माझा ऊस चोरला? झाकणावरचा हा नंबर उसाच्या जातीसारखा आहे. कंपनी या घाटाची जेवढी घड्याळं करती, तेवढ्या सगळ्यांवर हाच. माझ्या दुकानात आज या नंबराची दोन पडलेत. घड्याळाचा स्वतःचा नंबर हा, पट्ट्याखालचा. हा दुसऱ्या कुठल्याच घड्याळाला नसतो.”

कार्डावर दोन आकडे होते. मोठा छापलेला चार-सात-एक-नऊ, आणि खाली शाईनं लिहिलेला सात आकडी. तो खालचा आम्ही सगळ्यांनी पावतीचा नंबर समजून सोडून दिला होता. आप्पांचं इंग्रजी रजेच्या अर्जापाशी संपायचं आणि माझं तर त्यांच्याही अलीकडं. माधवराव घड्याळावरचा एकेक आकडा वाचू लागले आणि आई कार्डावर बोट ठेवून बघू लागली. पहिला जुळला. दुसरा जुळला. आप्पांनी मांडीवर थाप मारली. तिसरा जुळला नाही. चौथा नाही. पाचव्याला आईनं कार्ड खाली ठेवलं.

आप्पा म्हणाले कार्ड चुकलं असेल. मग म्हणाले, चोरानं नंबर खोडून नवा घातला असेल. माधवरावांनी पट्टा परत बसवला, घड्याळ आईच्या हातात दिलं आणि त्याच बारीक आवाजात सांगितलं की मुलगी आम्हाला पसंत आहे. “पण तीस वर्षांत माझ्या दुकानात मी चोरीचं घड्याळ घेतलं नाही. सोयरिकीत कसं घेऊ? ज्याचं हे आहे त्याला देऊन या. मग सुपारी फोडू.” त्यानंतर सगळे जेवले, कारण पुरणपोळ्या झालेल्या होत्या. अरुणनं जाताना माझ्याकडं असं बघितलं, जसं बंद पडलेल्या घड्याळाकडं गिऱ्हाईक बघतं.

लग्न झालं, हे सांगूनच टाकते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. हे लिहिते आहे तर अरुण बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत बसला आहे आणि पुरणपोळ्या नव्हत्या, धोंडे होते असा आग्रह धरतो आहे. तेव्हा माझी काळजी सोडा. त्या दिवसांत मात्र मला माझ्याशिवाय कुणाचीच काळजी नव्हती. चार दिवस आप्पांनी कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. संध्याकाळी दिवा लागला, शुभंकरोती झालं, आणि पुढं नंबर कुणी विचारला नाही. त्यांच्या मनगटावर घड्याळाच्या जागी पांढरा पट्टा उमटला होता, तो झाकायला ते उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागले. पोस्टानं पाठवावं, आत्याच्या मुलाकरवी द्यावं, मला एकटीला पाठवावं, असे प्रस्ताव त्यांनी भिंतीकडं बघून मांडले. पाचव्या दिवशी आई येसर कालवत होती, ती मागं न बघता म्हणाली, “टाळ्या घ्यायला तुम्ही स्वतः उभं राहिला होता ना. मग द्यायलाबी स्वतःच जावा.”

डायरीतलं नाव घेऊन पाचोडच्या बाजाराच्या दिवशी आम्ही निघालो. यष्टीत आप्पांनी ओठ हलवत भाषण पाठ केलं. मी ऐकत होते, त्यात ‘मानवी स्वभाव’ दोनदा आणि ‘परिस्थिती’ चारदा आलं. बाजारात मिरच्यांच्या ढिगाला लागून पत्र्याच्या शेडमध्ये नूरभाईंचं मशीन होतं. दाढी पांढरी झाली होती, खिशाला सुई तशीच. आप्पा तीनदा शेडवरून पुढं गेले, एकदा भेंडी घेऊन आले. शेवटी आत शिरले आणि त्यांच्या तोंडून निघालं ते असं: “एक पायजमा शिवायचा होता.”

नूरभाईंनी मान वर केली. पहिल्याच नजरेत त्यांनी ओळखलं. मशीनवरचा पाय थांबला आणि ते हलकेच म्हणाले, “अजून काही राह्यलंय का, साहेब?”

आप्पांनी नाही म्हणून मान हलवली. मग नूरभाई उठले आणि खरंच माप घ्यायला लागले. मला वाटलं आता हा माणूस कात्री काढील. तो आप्पांच्या कमरेला टेप लावता लावता आप्पांचे आभार मानत होता. त्या दिवशी तुम्ही पोलिसांत दिलं नाही, नाहीतर घरी काय तोंड दाखवलं असतं, म्हणाला. त्याचे वडील एका जहागीरदाराच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. निजाम गेला त्या पोलीस अ‍ॅक्शननंतर ते घराणं सगळं आवरून निघून गेलं, जाताना मालकांनी हातातलं घड्याळ काढून दिलं, असं वडील सांगत. पण इतकी वर्षं त्यांनी ते कुणाला दाखवलं नव्हतं. मरायच्या आधी ट्रंकेतून काढलं आणि मुलाच्या हातात ठेवलं. त्याला तेव्हाही जरा नवल वाटलं होतं. “मग तुम्ही यष्टीत न बघता नंबर सांगितला. ज्याचं घड्याळ, त्यालाच नंबर माहीत असणार ना साहेब. तवा मला कळलं, त्यांनी लपवून का ठेवलं होतं ते.” त्यानंतर वडिलांच्या कबरीवर तो गेला नव्हता. शबे-बारातला सगळं गाव आपापल्या कबरींवर जायचं, तो दुखणं काढून घरी निजायचा. पायजम्याची शिलाई तो आप्पांकडून घेणार नव्हता, हेही त्यानं सांगून टाकलं.

आप्पांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि घड्याळ मशीनच्या फळीवर ठेवलं. तोंड उघडलं. मानवी स्वभाव नाही, परिस्थिती नाही, काहीच आलं नाही. तेव्हा मी बोलले, आणि शाळेतल्यासारखं नाही बोलले. सातशेचाळीस ऊस सांगितला. झाकणावरचा नंबर आणि पट्ट्याखालचा नंबर सांगितला, आईचं कार्ड दाखवलं, तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. आमचं घड्याळ कुठं आहे ते आम्हाला माहीत नाही म्हटलं, पण हे आमचं नाही. हे तुमच्या घरचं आहे. आमची चूक झाली.

नूरभाईंनी घड्याळाला हात लावला नाही. कार्डाकडंही नीट बघितलं नाही. गळ्यातली टेप काढून तिची घडी घालायला लागले, ती दोनदा सुटली. मग त्यांनी टेप तशीच खाली टाकली, आणि मिरचीवाला भाव सांगता सांगता थांबला इतक्या मोठ्यानं बोलले, “म्हंजे अब्बा खरं सांगत होते की.”